ड्युरंट रस्त्यावरील दफ्तर : बर्कले येथील अपंग विद्यार्थी कार्यक्रमाचा इतिहास

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारापासून हाकेच्या अंतरावर, ड्युरंट अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर, सॉसेजचे पाव विकणाऱ्या ‘टॉप डॉग’ या दुकानाच्या पाठीमागील एका साध्या बिऱ्हाडात, दारापर्यंत लाकडी उतरण बांधून चाकाच्या खुर्च्या आत नेण्याची सोय प्रथम करावी लागली अशा जागेत, १९७० साली ‘फिजिकली डिसेबल्ड स्टुडंट्स प्रोग्राम’ या नावाचे एक लहानसे दफ्तर उघडण्यात आले. अपंग विद्यार्थ्यांच्या साहाय्याकरिता स्वतंत्र खाते असणे हे आज अनेक देशांतील विद्यापीठांत नित्याचे झाले आहे, आणि त्या सर्व खात्यांच्या वंशावळीत या दफ्तराचे स्थान फार वरचे आहे. संस्थेस अर्धशतक उलटून गेले असल्यामुळे तिचा वृत्तान्त क्रमवार नोंदवून ठेवावा असे या लेखात योजिले आहे. मात्र तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हे खाते विद्यापीठाने उदार होऊन अपंगांच्या पदरात टाकलेले नाही. अपंग विद्यार्थ्यांनीच त्याची कल्पना केली, त्याचा मसुदा लिहिला, त्यासाठी पैशाची तजवीज केली आणि पुढे त्याचा कारभारही पाहिला. संस्थेच्या हातून जे काही भले झाले त्याचे मूळ प्रस्तुत लेखकाच्या मते याच एका गोष्टीत आहे.

पूर्वपीठिका

अमेरिकेत अपंगांच्या उच्च शिक्षणाची सुरुवात बर्कलेपासून झाली असे मात्र नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला तेव्हा, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या तरुणास महाविद्यालयाच्या पायऱ्या कशा चढावयाच्या, हा प्रश्न प्रथमच मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. इलिनॉय विद्यापीठाने १९४८ साली आपल्या गेल्सबर्ग येथील शाखेत टिमथी न्यूजंट यांच्या नेतृत्वाखाली या कामास आरंभ केला, आणि तो कार्यक्रम पुढच्याच वर्षी मुख्य आवारात नेऊन तेथे उतरणी, खुर्ची उचलून घेणाऱ्या बसगाड्या आणि अपंगांचे क्रीडासंघ अशी व्यवस्था क्रमाक्रमाने उभारली. ही कामगिरी थोर होती. तथापि आंघोळ, पोशाख, भोजन ही दैनंदिन कामे ज्यास परक्या हाताशिवाय करता येत नाहीत अशा विद्यार्थ्याचा तीत समावेश होणे कठीण होते, कारण स्वावलंबन याचा अर्थ तेथे सर्व काही स्वतःच्या हाताने करणे असा धरला जात असे.

खुद्द बर्कले येथेही या विषयाची परंपरा होती. बालपणीच्या अपघातामुळे दृष्टी गमावलेले विधिशास्त्राचे व्यासंगी जेकबस टेनब्रुक हे १९४२ पासून तेथे अध्यापन करीत होते. अंधांच्या राष्ट्रीय महासंघाची स्थापना त्यांनी १९४० साली केली होती, आणि अपंगांस समाजात वावरण्याचा कायदेशीर हक्क आहे या सिद्धान्ताचे साधार विवेचन करणारा त्यांचा विख्यात निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. विचाराची भूमी अशी नांगरलेली असली तरी विद्यापीठाच्या नित्य व्यवहारात त्या विचाराला जागा नव्हती. ती करून देण्याचे श्रेय ज्या तरुणाकडे जाते, त्याचे नाव एड रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स यांचा जन्म १९३९ सालचा. वयाच्या चौदाव्या वर्षी, साल्क यांची लस प्रचारात येण्याच्या दोन वर्षे आधी, त्यांना पोलिओने गाठले, आणि मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर निकामी झाले. डाव्या हाताची दोन बोटे तेवढी थोडीशी हलत. रात्रीची झोप लोखंडी श्वसनयंत्रात, म्हणजे मान बाहेर ठेवून बाकीचे शरीर आत बंद करणाऱ्या अजस्र नळकांड्यात घ्यावी लागे. दिवसा काही तास हवेचे घोट गिळून श्वास चालविण्याची कला त्यांनी प्रयत्नाने साध्य केली. शाळेचे शिक्षण प्रथम दूरध्वनीच्या तारेवरून झाले. पुढे अभ्यासक्रम पुरा झाला असतानाही, शारीरिक शिक्षण आणि मोटार चालविणे हे दोन विषय झाले नाहीत या कारणास्तव त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरण्यात आला. मानेखालचे शरीर हलविता न येणाऱ्या मुलाने मोटार चालवून दाखवावी, असा तो नियम होता! मातोश्री झोना रॉबर्ट्स यांनी शिक्षण मंडळापर्यंत दाद मागितली आणि दाखला मिळविला. नियमापुढे मान न तुकविता त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न विचारावयाचा, हा धडा चिरंजिवांनी या प्रसंगी जो घेतला तो जन्मभर सोडला नाही.

कॉवेल रुग्णालयातील बिऱ्हाड

सॅन मटेओ येथील महाविद्यालयात दोन वर्षांचे शिक्षण संपवून राज्यशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्कलेस जाण्याचे त्यांनी ठरविले तेव्हा दोन दारे एकदम बंद झाली. राज्याच्या पुनर्वसन खात्याने, हा मनुष्य कोणतीही नोकरी करण्याइतका कधीच सुधारणार नाही, असा अभिप्राय देऊन मदत नाकारली. तो नकार वृत्तपत्रांत गाजल्यावर खात्याने आपला निर्णय फिरविला. दुसरी अडचण निवाऱ्याची होती. सुमारे आठशे पौंड वजनाचे श्वसनयंत्र पेलेल अशी खोली वसतिगृहात मिळेना. विद्यापीठाच्या आरोग्यसेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी या वेळी आवारातील कॉवेल रुग्णालयाचा एक रिकामा भाग राहण्यासाठी देऊ केला; आणि ज्या हंगामात जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपी विद्यापीठात लष्करी बंदोबस्तात दाखल होत होता त्याच हंगामात, म्हणजे १९६२ च्या शरदात, एड रॉबर्ट्स आपल्या धाकट्या भावासह बर्कलेस येऊन दाखल झाले. एका वृत्तपत्राने या घटनेचा मथळा देताना त्यांच्या असाहाय्यतेचा उल्लेख ठळक अक्षरांत केला. १९६४ साली पदवी आणि १९६६ साली पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी त्या मथळ्यास परस्पर उत्तर दिले.

पुढील वर्षी, १९६३ मध्ये, जॉन हेसलर आले. पाण्यात सूर मारताना मान मोडून पंगू झालेला हा उंचापुरा तरुण जिल्हा रुग्णालयाच्या खाटेवरून भाड्याच्या गाडीने कॉलेजात ये-जा करीत शिकत होता. त्यानंतर एकेक करीत कॉवेलच्या तिसऱ्या मजल्यावर डझनभर विद्यार्थ्यांची वसाहत झाली. रुग्णालयात राहणारी ही मंडळी आजारी मुळीच नव्हती. रात्री उशिरापर्यंत राजकारणावर वाद चालत, पाहुणे येत, अभ्यास होई, क्वचित अभ्यासाखेरीज इतर सर्व काही होई. व्हिएतनामच्या युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकाच्या कारणाने नकार देऊन पर्यायी सेवा पत्करलेले काही तरुण येथे परिचारक म्हणून राबत. एकट्याने खोलीत पडून असता जी गोष्ट आपले दुर्दैव म्हणून सोसावी लागते, तीच बाराजणांनी एकत्र बसून सांगितली की व्यवस्थेतील दोष म्हणून दिसू लागते, हा अनुभव त्या मजल्यावर रोज येत असे. या मंडळींनी आपल्या जमावास ‘रोलिंग क्वाड्स’ असे थट्टेखोर नाव घेतले.

याच सुमारास विजेवर चालणाऱ्या खुर्च्या काहींच्या हाती आल्या. रॉबर्ट्स यांच्या बोटांना खुर्चीचा दांडा पुढे ढकलण्याचे बळ नाही, म्हणून ती त्यांस चालविता येणार नाही असा तज्ज्ञांचा निर्वाळा होता. यंत्राचा दांडा उलट्या दिशेने बसविताच तो निर्वाळा निकालात निघाला. या खटाटोपाचे खरे कारण रॉबर्ट्स पुढे मोकळेपणाने सांगत: ते एका तरुणीच्या प्रेमात पडले होते, आणि खुर्ची ढकलणारा परिचारक सदैव पाठीशी उभा असणे त्यांना सोयीचे वाटत नव्हते. पुनर्वसनाच्या कोणत्याही अहवालात न सापडणारे हे प्रयोजन ऐतिहासिक दृष्ट्या क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

स्थापना

वसाहतीचे संघटनेत रूपांतर घडविले ते १९६९ सालच्या एका तंट्याने. कॉवेलमधील विद्यार्थ्यांच्या खर्चाची जबाबदारी पुनर्वसन खात्याने घेतली होती, आणि तिच्याबरोबर देखरेखीचा अधिकारही घेतला होता. खात्याच्या वतीने नेमलेल्या अधिकाऱ्याने दोघा विद्यार्थ्यांची प्रगती असमाधानकारक ठरवून त्यांना तेथून काढण्याचा हुकूम केला. बर्कलेचे आवार त्या दिवसांत भाषणस्वातंत्र्याच्या आणि युद्धविरोधी चळवळींनी तापलेले होते; रोलिंग क्वाड्सनी तेथील रीतीस अनुसरून तक्रार थेट विद्यापीठाच्या वरिष्ठांकडे आणि वृत्तपत्रांकडे नेली. परिणामी हुकूम मागे घेण्यात आला आणि अधिकाऱ्याची बदली झाली. विजय लहानच होता, परंतु त्यातून एक निष्कर्ष निघाला: ज्याच्या हाती पैसा आणि देखरेख आहे त्याच्या मर्जीवर आपले शिक्षण अवलंबून राहणार असेल, तर पैसा आणि देखरेख यांचा अधिकार आपल्याकडे आला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी मग विद्यापीठाकडून स्वतंत्र जीवनाच्या उपायांवर एक अभ्यासवर्गच मंजूर करून घेतला, आणि कॉवेलबाहेर आपल्या घरात राहावयाचे झाल्यास कशाकशाची गरज पडेल याची यादी त्या वर्गात बसून तयार केली. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या शिक्षण कार्यालयात वंचित विद्यार्थ्यांच्या विशेष सेवांसाठी एक योजना आकारास येत होती. तिच्या कक्षेत अपंगांचा समावेश व्हावा म्हणून रॉबर्ट्स यांनी वॉशिंग्टन येथे सल्लागार या नात्याने खटपट केली होती. बर्कलेच्या मंडळींनी आपली यादी प्रस्तावाच्या स्वरूपात त्या योजनेखाली पाठविली, अनुदान मंजूर झाले, आणि जॉन हेसलर यांच्या संचालकत्वाखाली ड्युरंट रस्त्यावरचे दफ्तर सुरू झाले. कर्मचाऱ्यांत अपंगांचा भरणा मोठा होता, आणि झोना रॉबर्ट्स यांनीही तेथे काम केले.

कार्यपद्धती

दफ्तराची कामे पाहिली की मूळच्या यादीतील व्यवहारी दृष्टी लक्षात येते. पहिले काम परिचारकांचे. सकाळी अंथरुणातून उठविणारा मनुष्य आला नाही तर विद्यापीठातील सर्वोत्तम व्याख्यानाचाही उपयोग नाही. म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांची नोंदवही ठेवली गेली. परंतु मुलाखत घेणे, नेमणूक करणे, काम कसे व्हावे ते शिकविणे आणि न जमल्यास रजा देणे हे सर्व अधिकार विद्यार्थ्याकडे राहिले. परिचारक हा संस्थेचा नोकर नसून विद्यार्थ्याचा नोकर आहे, असा दंडक होता. दुसरे काम खुर्च्यांच्या दुरुस्तीचे. त्या काळच्या विजेच्या खुर्च्या नाजूक असत, आणि विक्रेत्याकडे दुरुस्तीस टाकलेली खुर्ची अनेक दिवस परत येत नसे. तेवढे दिवस मालक अंथरुणास खिळलेला राही. दफ्तराने आपल्या पदरी कारागीर बाळगला, आणि अवेळी रस्त्यात अडकलेल्यास मदत पोहोचविण्याची व्यवस्था केली. ज्या घरांत चाके शिरू शकतात अशा बिऱ्हाडांची यादी करणे, सरकारी भत्त्यांचे अर्ज भरून देणे व ते नामंजूर झाल्यास अपील करणे, अंध विद्यार्थ्यांसाठी वाचक मिळविणे, वरच्या मजल्यावर भरणारा वर्ग खाली आणविणे, ही कामे ओघाने आली.

मूळच्या यादीत औषधोपचारास जवळजवळ स्थान नव्हते, ही बाब नमूद करण्याजोगी आहे. ज्या विद्यार्थ्यांना इतर सर्व जग रुग्ण समजत होते, त्यांनी स्वतःच्या गरजा मांडताना घर, नोकर, वाहन, दुरुस्ती आणि पैसा यांचाच उल्लेख केला.

दफ्तराचा बोलबाला होताच विद्यार्थी नसलेले अपंगही दारात येऊ लागले. विद्यार्थ्यांसाठी मिळालेल्या अनुदानातून त्यांची कामे करणे नियमांत बसेना आणि त्यांना परत पाठविणे मनास पटेना. यास्तव १९७२ साली शहरातील सर्व अपंगांकरिता ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ ही वेगळी संस्था स्थापन झाली, आणि रॉबर्ट्स पुढे तिचे संचालक झाले. तिच्या उभारणीत हेल झूकस यांचा मोठा वाटा होता. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्यांचे हात आणि वाणी स्वाधीन नव्हती. डोक्यावरील शिरस्त्राणास बांधलेल्या काठीने समोरच्या पाटीवरील एकेक अक्षर दाखवीत ते संभाषण करीत, आणि याच साधनाने त्यांनी बर्कलेतून गणिताची पदवी संपादन केली होती. रस्ता ओलांडताना पदपथाची कड आडवी येऊ नये म्हणून तेथे उतार असावेत, यासाठी विद्यार्थ्यांनी नगरपालिकेकडे लकडा लावला होता. १९७१ साली नगर परिषदेने तसा ठराव केला. त्या उतारांवरून पुढे बाबागाड्या आणि सामानाच्या हातगाड्याही सुखेनैव जाऊ लागल्या.

हक्काची सनद

एका विद्यापीठाने सोयी दिल्या म्हणून दुसऱ्याने द्याव्याच असे बंधन तोपर्यंत नव्हते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील ५०४ व्या कलमाने ते घातले. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेस, अपंगत्वाच्या कारणावरून कोणास वगळता येणार नाही, असे त्या एका वाक्याच्या कलमात सांगितले होते. कलम मंजूर झाले, पण अंमलबजावणीचे नियम चार वर्षे दप्तरात पडून राहिले. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या इमारतीत शंभराहून अधिक अपंग आणि त्यांचे सहकारी शिरले ते तेथेच ठाण मांडून बसले. जूडिथ ह्यूमन यांच्यासह या सत्याग्रहाच्या धुरीणांत बर्कलेच्या मंडळींचा मोठा भरणा होता. परिचारक, औषधे, श्वसनाची साधने यांच्या अभावी प्रत्येक रात्र जिवावरची होती. दूरध्वनी तोडण्यात आले तेव्हा कर्णबधिर सत्याग्रही खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देऊ लागले. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते शिजविलेले अन्न पोहोचवीत. २८ एप्रिल रोजी मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. ड्युरंट रस्त्यावर जी सेवा काही तरुणांच्या हिकमतीवर चालली होती, ती आता देशभरातील महाविद्यालयांची कायदेशीर जबाबदारी झाली. आणि १९९० च्या कायद्याने तिची व्याप्ती सरकारी पैसा न घेणाऱ्या खाजगी क्षेत्रापर्यंत वाढविली.

उत्तरकाळ

१९७५ साली कॉवेलमधील निवास बंद होऊन अपंग विद्यार्थी सर्वसामान्य वसतिगृहांत राहू लागले. त्याच वर्षी, ज्या पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्स यांना नोकरीस अपात्र ठरविले होते, त्याच खात्याच्या संचालकपदी राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी त्यांची नेमणूक केली. १९९५ साली त्यांचे निधन झाले. त्यांची चाकाची खुर्ची वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेली आहे. कॉवेलची इमारत १९९३ साली पाडण्यात आली.

संस्थेचे नाव पुढे ‘डिसेबल्ड स्टुडंट्स प्रोग्राम’ असे आटोपशीर झाले, आणि तिची कक्षा मात्र विस्तारली. अध्ययन-अक्षमता, मानसिक व्याधी, दीर्घकालीन आजार अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या अडचणींचे विद्यार्थी आता तिच्याकडे येतात. परीक्षेत वाढीव वेळ, टिपणांची सोय, ब्रेल किंवा संगणकाने वाचता येण्याजोगी पुस्तके, व्याख्यानाचे लेखी उपशीर्षक ही आजची कामे होत. खुर्ची दुरुस्त करणाऱ्या कारागिराची जागा बव्हंशी अर्ज, प्रमाणपत्रे आणि शिफारसपत्रे यांनी घेतली आहे.

इतिहासकाराने न टाळावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. विद्यापीठाने महाजालावर मोफत ठेवलेली व्याख्याने कर्णबधिरांस व अंधांस वापरता येत नाहीत, अशी तक्रार झाली आणि सरकारने ती ग्राह्य धरली, तेव्हा २०१७ साली विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रफिती सुधारण्याऐवजी बाहेरच्या सर्वांसाठीच बंद केल्या. न्याय खात्याशी लेखी तडजोड होण्यास २०२२ साल उजाडले. ज्या गावात ही चळवळ जन्मली तेथेच असे व्हावे यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्या व्याख्यानांची योजना आखली गेली तेव्हाच ती ऐकू न येणाऱ्या माणसास विचारावयास हवे होते, ते कोणी विचारले नव्हते इतकेच.

मूल्यमापन

या इतिहासाचा आपल्या महाविद्यालयांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात हे प्रमाण किमान पाच टक्के केले, अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आणि वाजवी सोयी करून देण्याचे कर्तव्य संस्थांवर टाकले. परीक्षेस लेखनिक मिळण्याचा हक्क ठराविक टक्केवारीच्या अपंगत्वापुरता मर्यादित नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. म्हणजे सनदेची उणीव आपल्याकडे नाही. अपंगांच्या स्वतःच्या कर्तृत्वाचीही नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली तेव्हा तिच्या केंद्रस्थानी चाकाच्या खुर्चीत बसून निर्णय घेणारी माणसेच होती.

उणीव आहे ती महाविद्यालयाच्या रोजच्या कारभारात. समान संधी कक्षाची पाटी लागते, समितीचे कागद रंगतात, प्रवेशद्वाराशी एक उतरण बांधली जाते. पण ती किती चढी असावी, पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथालयाचे काय, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती, लेखनिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आजारी पडला तर पर्यायी नाव कोणाकडे आहे, हे प्रश्न ज्याला त्यांची उत्तरे ठाऊक आहेत त्या विद्यार्थ्यास विचारले जात नाहीत. बर्कलेच्या मंडळींजवळ आरंभी ना कायदा होता ना इमारत. त्यांच्याजवळ गरजांची एक अचूक यादी होती, आणि ती अचूक होती याचे कारण ती त्यांनी स्वतः लिहिली होती. तेव्हा आपल्या एखाद्या महाविद्यालयास असे केंद्र काढावयाचे झाल्यास, प्राचार्यांनी पहिल्या बैठकीस वास्तुविशारद व हिशेबनीस यांना बोलाविण्यापूर्वी अपंग विद्यार्थ्यांना बोलवावे, समितीत त्यांचे बहुमत ठेवावे, आणि पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात उद्घाटन-समारंभाच्या आधी दुरुस्तीच्या खर्चाची तरतूद करावी.